तिसरा कान

‘तोंडाचं गं पाणी, जपून ने बाई, सांडलं ते पुन्हा घागरीत नाही.’ धुणं पिळता पिळता आई गुणगुणायची. कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेल्या शिंपिणीला तोच आवाज आज ऐकू येत होता, आणि हातातला कोरडा रुमाल ती उगाचच पिळत होती.

तिचं पुटपुटणं ऐकून शेजारी बसलेले तिचे वकीलकाका म्हणाले, ‘अगं, शब्दच तसा आहे. फारसीत आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. छापखान्याच्या मालकाचं ते तू उतरवलंस, अशी त्याची फिर्याद.’

‘मी खरं तेच बोलले, काका. छापखान्याचा तो जिना तिथं राबणाऱ्या माझ्या भावाच्या पायांना पाठ होता. तो घसरून मरेल?’

‘पुरावा?’

पुरावा नव्हता. मालकाच्या खोलीत शिरून ती एवढंच म्हणाली होती, ‘माझ्या भावाला तूच ढकललंस.’ आता तुरुंगात जावं लागलं, तर आईबापाविना उरलेल्या भाचीला कोण बघणार?

‘घाबरू नकोस. दोघांतलं ते भांडण. तिसऱ्याच्या कानी गेलं, तरच अब्रूनुकसानी. मालक एक साक्षीदार आणतो म्हणतोय खरा. खोलीत कोणी होतं?’

‘नुसत्या भिंती.’

‘भिंतींना कान असतात, पण त्या साक्षीला येत नाहीत.’

तेवढ्यात पुकारा झाला. आत पिंजऱ्यात मालकाची बायको उभी होती.

‘मी शेजारच्या खोलीत होते,’ बायको खालमानेनं म्हणाली. ‘दार किलकिलं होतं. ही म्हणाली, माझ्या भावाला तूच ढकललंस. शब्द न् शब्द ऐकला मी.’

वकीलकाकांनी डोळे मिटून घेतले. मालक मिशीत हसला.

त्याच्या वकिलानं शेवटचा प्रश्न टाकला. ‘ते ऐकून तुमचे यजमान तुमच्या नजरेतून उतरले का? तेवढं सांगा, की सुटलात.’

‘नाही.’

वकील गडबडला. ‘बाई, प्रश्न नीट ऐका. एवढं भयंकर ऐकून धक्कासुद्धा बसला नाही तुम्हाला?’

बायकोनं पहिल्यांदाच मान वर केली. नवऱ्याकडे नाही, शिंपिणीकडे पाहिलं.

‘धक्का कसा बसेल? ह्यांनी त्याला ढकललं, तेव्हा मी जिन्यातच उभी होते.’