गाडीखालची वलगण

हिरवाई पार्कच्या बेसमेंटमध्ये सुनिलची इको व्हॅन अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती आणि रॅम्पवरून लाल गढूळ पाणी धो धो आत येतच होतं. मुरबाडला असला आषाढ काही नवा नाही, पण बिल्डिंगला हा पहिलाच. बाकीच्यांनी आपापल्या बाइक कालच वर नेऊन रस्त्याकडेला लावल्या होत्या. सुनिल माळशेजचं भाडं सोडून उशिरा आला, गाडी खाली घातली आणि जो आडवा झाला तो थेट सकाळी आईने हलवल्यावर उठला.

आता स्टार्टर मारायची सोय नव्हती. पाणी इंजिनात शिरलं की खेळ खलास. आणि इको बसली की सुनिलचं घरही बसलं, कारण त्या गाडीवरच चूल पेटत होती. ढकलून वर काढायची तर पाच-सहा धडधाकट माणसं हवीत. पंप लावावा तर पंपाच्या खोलीची किल्ली सेक्रेटरी ज्ञानेश्वर गोजर यांच्या करगोट्याला, आणि गोजरकाका फोन उचलत नव्हते.

त्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'बेसमेंटमध्ये पाणी भरतंय. गाडी ढकलायला या, प्लीज.' उत्तरादाखल दोन जोडलेले हात आले, एक अंगठा आला, आणि कुणीतरी 'बिल्डरला धरा' असा सल्ला दिला. खाली मात्र चिटपाखरू उतरलं नाही. घ्या, याला म्हणतात शेजार. सुनिलने मनातल्या मनात एकेका मजल्याचा उद्धार केला.

उतरली ती त्याची आई, रंभा. लुगडं गुडघ्यावर खोचून ती सरळ पाण्यात शिरली.

"आये, वर जा. घसरशील."

"गप रं. जलम चिखलात गेला माझा."

ती गाडीच्या मागे जाऊन हात लावणार, तोच जागच्या जागी थबकली. पोटरीला काहीतरी गार चाटून गेलं होतं. तिने वाकून पाण्यात हात घातला, आणि वर काढला तेव्हा मुठीत बोटाएवढी मुरी मासोळी वळवळत होती.

"वलगण लागली रं," ती हळूच म्हणाली.

पाऊस चढला की ओहोळातले मासे बाहेर पडतात आणि भाताच्या खाचरांकडे धाव घेतात, ती वलगण. आणि वलगण लागली म्हटल्यावर या मुलखात माणूस पंगतीतलं भरलं ताट सोडून उठतो. रंभा रॅम्प चढून वर गेली, भर पावसात गॅलऱ्यांखाली उभी राहिली आणि या शेतातून त्या शेतात हाक मारावी तशी ओरडली, "वलगण लागली गोऽ, खाली बेसमेंटात!"

मग काय विचारता. दारं धडाधड उघडली. दुसऱ्या मजल्यावरची समीक्षा मच्छरदाणी घेऊन आली, कुणी चाळण आणली, कुणी सूप. बँकेत नोकरी करणारा हरेश ऑफिसच्या शर्टात आणि हाती हेल्मेट घेऊन आला, हेल्मेटात म्हणे चार मासे सहज राहतात. आणि त्या सगळ्यांच्या मागून, हाफ पँटवर, हातात पाटी, खुद्द गोजरकाका.

रंभा रॅम्पच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"मासं समदं गाडीखाली बसलंय. काळोख हाय ना तिथं. गाडी हाय तवर एक बी घावायचा नाय."

सुनिलने वाकून पाहिलं. गाडीखाली त्याची स्वतःची चप्पल तरंगत होती, दुसरं काही नाही. तो तसं सांगणारही होता, पण आईने असे डोळे वटारले की त्याने तोंड मिटलं.

"मंग बघता काय, लावा हात," गोजरकाका म्हणाले.

हेल्मेट, सूप, चाळणी भराभर बोनेटवर गेल्या आणि मागून इतके हात लागले की इको जत्रेतल्या पालखीसारखी वर निघाली. सुनिल स्टीअरिंग धरून बसला होता. आरशात भिजलेले, दात-ओठ खाणारे, हसणारे चेहरे दिसत होते. ज्यांना आत्ता घटकाभरापूर्वी शिव्या घातल्या तीच ही माणसं. त्याला लाजही वाटली आणि इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

वर रस्त्याकडेला त्याने पुढची सीट उचलून खाली पाहिलं. इंजिन कोरडं ठाक होतं. सुनिलने मोठ्ठा श्वास सोडला आणि पंपासाठी पुन्हा खाली आला.

खाली नुसता दंगा चालला होता. समीक्षा आणि हरेश मच्छरदाणीची दोन टोकं धरून एकमेकांवर चिडत होते, रंभा मधोमध उभी राहून दोघांनाही शिकवत होती. गोजरकाका मात्र पार पलीकडे, खांबाशी एकटेच उभे होते. पाटी रिकामीच बाजूला तरंगत होती. ही बिल्डिंग त्यांच्याच खाचरांवर उभी राहिली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बदल्यात फ्लॅट मिळाला, सेक्रेटरीपद मिळालं, पण बेसमेंटमध्ये त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. स्कूटरसुद्धा बाहेर लावायचे.

"काका, किल्ली द्या. पंप लावतो."

काकांनी करगोट्याची किल्ली सोडली. पण दिली नाही, मुठीतच धरून ठेवली. एक मासा त्यांच्या पायाशी घुटमळून गेला, त्याच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. ते तळपाय पाण्याखाली इकडेतिकडे फिरवत होते, बांध चाचपावा तसे.

"गाडी निघाली ना तुझी?"

"निघाली."

"मंग थांब जरा," काका म्हणाले. "लय वर्सांनी शेतात उतरलोय."