अमालेकांचे पान

"कोणालाही जिवंत ठेवू नकोस." पास्टर होझेतोने बायबलमधला, शमुवेलाच्या पुस्तकातला, शत्रू अमालेकांवरचा अध्याय वाचून संपवला.

देवळाच्या मधल्या वाटेत पलीकडच्या डोंगरावरचे दोन तरुण हात बांधून बसवले होते. सीमेच्या ओढ्यावर काल झालेल्या चकमकीत म्हाताऱ्या खेतोलीचा नातू पडला होता. सकाळीच त्याला माती दिली होती. त्याचा बाप विकुतो, खेतोलीचा मुलगा, लांब पात्याच्या दाओची मूठ आवळून त्या दोघांच्या मागे उभा होता.

खेतोली पहिल्या बाकावरून उठली.

"पास्टर, आता राजांचं दुसरं पुस्तक काढ. अलीशा संदेष्ट्याच्या हाती शत्रूची फौज लागते, ते."

"आजी, अमालेकही शास्त्रच आहे."

"आहे ना. पण पान तू निवडलंस. आणि वधस्तंभाकडे पाठ करून वाचलंस. तिकडे तोंड कर, मग वाच."

होझेतो वळला. त्याचा आवाज उतरला. राजाने विचारले होते, यांना मारू का? संदेष्टा म्हणाला होता, यांच्यापुढे अन्नपाणी ठेव. खाऊनपिऊन आपल्या धन्याकडे जाऊ देत.

"ऐकलंस, विकुतो? मातीला आलेल्यांसाठी रांधलेलं अजून चुलीवर आहे. घेऊन ये. तूच वाढ."

"आई, माझा पोरगा गेलाय."

"माझा नातू नव्हता तो? सोड यांचे हात. बांधल्या हातांनी कोण जेवतं?"

मागच्या बाकावर कोणी कुजबुजले, "आपल्या चुलीचं खाल्लं, की मग यांच्यावर दाओ उगारता यायचा नाही."

"माझे कान अजून शाबूत आहेत," खेतोली मागे न पाहता म्हणाली. "म्हणूनच तर वाढायला सांगतेय."

विकुतोने दाओ बाकावर ठेवला, दोऱ्या सोडल्या आणि तो घराकडे गेला. परतल्यावर त्याने दोन थाळ्यांत भात वाढला, त्यावर आंबवलेल्या सोयाबीनची आखुनी घालून शिजवलेले डुकराचे मांस.

दोघांपैकी धाकट्याने अन्नाला हात लावला नाही. त्याने डोळे मिटले, मान लववली आणि तो आपल्या भाषेत काही पुटपुटू लागला. त्या देवळात ती भाषा कोणालाच येत नव्हती. शेवटचा शब्द तेवढा कळला.

"आमेन."

"आमेन," सवयीने सारे देऊळ बोलून गेले. विकुतोही.