मेपलखालचा वर्ग

सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरात मिनेसोटातल्या आमच्या गावच्या शाळेसमोर आईनं माझी चाकाची खुर्ची उभी केली, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. "आग लागली तर हिला बाहेर कोण काढणार?" म्हणत हेडमास्तरांनी पाच वर्षं मला परत पाठवलं होतं. आता अपंग मुलांना शाळेत घ्यायलाच हवं, असा कायदा झाला होता. "कायदा झाला हो बाई, पण पायऱ्यांचं काय?" ते हसले. "मग वर्ग खाली आणा," आई म्हणाली. वर्गशिक्षिका लिंडक्विस्टबाई खरोखरच फळा घेऊन बाहेर आल्या. तीन आठवडे आम्ही अंगणातल्या मेपलच्या झाडाखाली शिकलो. वहीवर पडलेली लाल पानं अजून जपलीत. ऑक्टोबरात सुतारानं पायऱ्यांवर माझ्या खुर्चीसाठी लाकडी उतार बसवला. "मार्नी, तुझ्यामुळे आता आत बसावं लागणार!" पोरं माझ्यावर करवादली. शाळेत कुणी माझ्याशी भांडण्याची ती पहिलीच वेळ. मीही मन भरून भांडले.