काम इथून हलत नाही

"म्हणजे आमचं सगळं काम उचलून तुमच्या घरी नेऊन ठेवायचं?" मालकांनी विचारलं.

"माझ्या घरी कुठे, काका!" कॉम्प्युटरचं शिकवायला आलेल्या बाई हसल्या. "मोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर असतात, कायम चालू. तुमचं काम त्यांच्यावर राहील. कॉम्प्युटर सांभाळायची कटकट त्यांची, किल्ली तुमची. वापराल तेवढं भाडं. यालाच क्लाउड म्हणतात."

मालकांचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना होता. बल्ब असो की पंखा, वस्तूचं माप घेऊन खोक्याचा आराखडा मालक स्वतः काढत. ते आराखडे, ऑर्डरी, पुठ्ठ्याचा साठा, सगळं एकाच कॉम्प्युटरमध्ये होतं. त्याला एसीची स्वतंत्र खोली होती. मशीनवरची माणसं घामाघूम आणि हा एकटा गारव्यात, म्हणून कारखान्यात त्याला सगळे 'जावई' म्हणत. गेल्या उन्हाळ्यात जावईबापू रुसले आणि सगळा कारखाना हात बांधून बसला. तेव्हापासून सून क्लाउडच्या मागे लागली होती. गिऱ्हाइकं तीच बघायची आणि आजच्या बाईंनाही तिनंच बोलावलं होतं.

मालकांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. आराखडे कुणी चोरले तर?

"तुमच्या खोलीच्या कुलपापेक्षा तिथला पहारा कडक असतो. पण पासवर्ड तुम्हीच चारचौघांत सांगत सुटलात, तर कुणीच काही करू शकणार नाही."

इंटरनेट गेलं तर?

"थांबावं लागेल. खोटं कशाला सांगू? मोबाइलवरून वेळ मारून नेता येते."

आणि ती कंपनीच बुडाली तर?

"म्हणून आपली एक प्रत अधूनमधून वेगळी काढून ठेवायची."

मालकांनी मान डोलावली. बाई सरळ बोलत होत्या, ते त्यांना आवडलं. सुनेला वाटलं, आता जमलं. तेवढ्यात बाई सहज म्हणाल्या, "आणि मुख्य फायदा सांगायचा राहिलाच. तुम्हाला रोज इथे यायची गरजच नाही. घरी बसल्या बसल्या आराखडे काढा, इथे मशीनवर खोकी तयार!"

मालकांचा चेहरा उतरला. ते खुर्चीवरून उठले.

"नको," ते म्हणाले. "आमचा जावई आहे तो बरा आहे."

बाई गोंधळून सुनेकडे बघू लागल्या. सुनेनं त्यांना चहा दिला, गाडीपर्यंत सोडलं आणि ती परत आली. मालक एसीच्या खोलीत पाठमोरे उभे होते.

"बाबा, तुमच्या सगळ्या शंका फिटल्या होत्या," ती दारातूनच म्हणाली. "मग अडलं कुठे?"

"काम इथून हलत नाही, पोरी. कितीदा सांगायचं?"

हे वाक्य ते वर्षभर म्हणत आले होते. वर्षापूर्वी त्यांच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढे बोलणं थोडंथोडं परतलं, पण एकेका शब्दासाठी तिला झगडावं लागे. लग्नघरात दहा जणींना गप्प बसवणारी बाई ती. आता ओठ हलायचे आणि शब्द यायचा नाही. मालक घाईघाईनं तिचं वाक्य पुरं करायचे, ते हमखास चुकायचं. ती मान हलवायची, डोळे भरून यायचे. मग मालकांना कारखान्यातलं काहीतरी आठवायचं. औषधपाणी, बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई, चोवीस तासांची बाई, कशातही त्यांनी कसूर ठेवली नव्हती. फक्त ते स्वतः घरी नसायचे.

"आई रोज विचारतात, 'आले?' एवढंच," सून म्हणाली. "मी सांगते, कामात आहेत. आता यापुढे काय सांगू, ते तुम्हीच ठरवा."

एसी घरघरत होता. मालक तिच्याकडे वळले. "बाईंना फोन कर. यायला सांग."

हळूहळू सगळं काम क्लाउडवर गेलं. मशीनवरच्या माणसांनी जावयाला वाजतगाजत निरोप दिला आणि त्या खोलीत डबे खायला बसू लागली. मालक मात्र नेमानं कारखान्यात येतच राहिले. मग एका दुपारी त्यांनी लॅपटॉप काखेत मारला, कुणाशी न बोलता घर गाठलं आणि बायकोच्या पलंगाशी खुर्ची ओढली.

ती उशांना टेकून बसली होती. त्यांच्याकडे, लॅपटॉपकडे आणि पुन्हा त्यांच्याकडे तिनं पाहिलं.

"आता इथूनच काम करणार आहे," ते म्हणाले आणि मान खाली घालून एका खोक्याचा आराखडा उघडून बसले. फुलदाणीचं खोकं होतं. कडा नीट बसत नव्हत्या, की त्यांचंच लक्ष लागत नव्हतं, कोण जाणे.

तिचे ओठ हलू लागले. मालकांच्या जिभेवर नेहमीप्रमाणे शब्द आले. पाणी हवं का? खिडकी लावू का? त्यांनी ते गिळले. लॅपटॉप मिटला आणि ते थांबले. तिच्या कपाळावर घाम आला, तरी थांबले.

"भी... ती..." ती म्हणाली. "गेली?"

मालकांना हायसं वाटलं. क्लाउडच्या नावानं त्यांनी काढलेल्या शंका सुनेनं घरी रंगवून सांगितल्या असणार.

"गेली की! अगं, भ्यायचं काय त्यात? हा कॉम्प्युटर काय आणि तो काय, सारखंच."

तिनं मान हलवली. चालता होता तो डावा हात सावकाश उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

"माझी," ती म्हणाली.