आबांची जीभ

मेघाने फोन पालथा ठेवला. रावेरच्या लग्नघराला संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि तिचं सकाळपासून 'नाही'च चाललं होतं.

"तुम्ही खाटेवर, आणि मी लग्नाचं भरीत एकटीनं करू? लोक काय माझ्या नावानं जेवायला येतात, आबा?"

रुपचंद आबा उशीला टेकून बसले होते. पाय मोडल्यापासून अंगणाबाहेर गेले नव्हते. भरीत खावं तर आबांच्या हातचं, असं तालुक्यात आजही म्हणतात. "तू नाही म्हटलं तं आपली चूल इझली समज," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

समोर जळगावची दिपमाला बसली होती. माणसं शाळेशिवाय, काम करता करता कशी तयार होतात, याचा ती विद्यापीठात अभ्यास करत होती. पोरगी गुणाची, पण प्रश्न असे की उत्तर देणाऱ्याची झोप उडावी.

"आपल्याला भरीत येतं, हे तुम्हाला नेमकं कधी कळलं?"

"अजून कुठं कळलंय," मेघा म्हणाली. "तेच तर रडगाणं आहे ना ताई."

मग तिने सांगितलं. करोनानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती कामाला लागली. आबा त्याच आजारातून उठून नुकते दवाखान्यातून आले होते, अंगात ताकद नव्हती, हाताखाली माणूस हवं होतं. शेजारची सून म्हणून तिला बोलावलं. मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, मग कढईत मिरची, लसूण, कांद्याची पात. त्या धुराचा वास अजून तिच्या लुगड्यांना यायचा. किती छान दिवस होते ते, असं तिला बोलता बोलताच वाटलं.

"शेवटी आबा चमचाभर भरीत माझ्या तळहातावर टाकायचे आणि तोंडाकडे बघत बसायचे. म्हणायचे, 'काय कमी पडलं वं?' मी म्हणायचे, मीठ. 'मंग घाल.' पुन्हा तळहातावर. 'आता?' मी 'बास' म्हणेपर्यंत हेच."

"बरोबर आहे की चूक, ते सांगायचे?"

"कधीच नाही. माझं चुकत असेल तेव्हा माझ्यामागे गुपचूप सांभाळून घेत असतील. एकदा तर लसूण करपायला लागला, आबा कढईला खेटून गप्पा मारत बसलेले. मीच धावले. नंतर म्हणतात कसे, 'मले पाहायचं होतं, कोणाच्या नाकाले आधी कळते.' आता असं पाहणारं माणूस पाठीशी नसेल, तर मी कोणाच्या जिवावर हो म्हणू?"

दिपमाला आबांकडे वळली. "आणि आबा, त्याच्या आधी? तेव्हा तुम्ही स्वतःच चाखायचे?"

आबांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "आधीचं काय सांगू पोरी. माही घरवाली सुनंदा होती तवाची गोठ. चहात साखर चिमूटभर कमी पडली तं मी कप परत धाडे. ती म्हणे, ही जीभ हाये का सोनाराचा काटा? आन् तरी दुसऱ्यांदा करून आणे, बिचारी." ते हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. "तिच्या चहाची लय याद येते."

आबांना असं रडताना मेघाने कधी पाहिलं नव्हतं. ती उठली. "मी टाकते चहा."

सुनंदाबाईंच्या फळीवरचे डबे त्या गेल्या तेव्हाचे, तसेच ओळीने होते. मेघाचं ध्यान सगळं लग्नघरात. जेवायला पंगती बसल्यात आणि एकेक जण पहिल्याच घासाला थांबून तिच्याकडे बघतोय, असं तिला दिसत होतं. डब्यात हात घातला, मुठीने टाकलं, उकळी आली, गाळलं.

बाहेर आली तर फोन वाजत होता. लग्नघरच. तिने आबांना आणि दिपमालाला कप दिले, स्वतःचा घेतला आणि फोनकडे बघत उभी राहिली.

दिपमालाने एक घोट घेतला. ठसका लागला तसा तिने कप हळूच खाली ठेवला आणि पाण्याचा तांब्या ओढला. मेघाने आपला कप तोंडाला लावला. खारट. जीभ जळावी इतकं खारट. साखरेच्या जागी मिठाच्या डब्यात हात गेला होता. आबांचा कप काढून घ्यायला ती झटकन वळली.

आबांचा कप रिकामा होता. बशीतला उरलेला घोट त्यांनी फुरका मारून संपवला, डोळे मिटून थोडे थांबले आणि कप तिच्यापुढे धरला.

"अजून अर्धा दे, माय. गोडी अगदी सुनंदाच्या हातची हाये."