लाजाळू भामा

"रेणुकाताई, आता तुम्ही बोला. आणि नेहमीसारखं सडेतोड," एकनाथराव म्हणाले, आणि खुर्ची तिच्याकडे वळवून बसले.

नारायणगुड्यातल्या मराठी वाचक मंडळाची रविवारची बैठक होती. घरोघरी केबल आल्यापासून माणसं रोडावत गेली होती. या सत्त्याण्णव साली जेमतेम अकरा उरली होती. पण आज अकराच्या अकरा हजर होती, कारण पुस्तक घरचं होतं. मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव यांनी अडुसष्टाव्या वर्षी आपल्या गावच्या आठवणी लिहिल्या होत्या. अमेरिकेतल्या मुलाने, कुलदीपने, डॉलर पाठवले, आणि पुस्तक कॉम्प्युटरवर जुळवून गुळगुळीत कागदावर छापून निघालं.

रेणुका सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होती. मंडळात तिच्या जिभेचा धाक होता. मागच्याच महिन्यात एका जाडजूड कादंबरीबद्दल ती म्हणाली होती, "दोनशे पानं लेखक नुसत्या चपला घालतोय. निघाला, तोवर पुस्तक संपलं." तेव्हा सगळ्यांत मोठ्याने एकनाथरावच हसले होते.

"पुराचं प्रकरण मला फार आवडलं," रेणुका म्हणाली. "माळवदावर बसलेल्या माणसांना कोंबडा आरवलेला ऐकू येतो, पण कुठे दिसत नाही. तिथे मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. उर्दू शाळेतले मास्तरही छान उतरलेत. मामांचं लग्न मात्र लांबलं. नुसत्या पंगतींवर पंगती."

लोक हसले. एकनाथरावही हसले.

"आणि 'भामा' हे प्रकरण मला खोटं वाटलं."

"खोटं?" एकनाथराव अजून हसतच होते. "अहो, कादंबरी नव्हे ही. आठवणी आहेत."

रेणुकाने चौऱ्याण्णवावं पान उघडलं आणि वाचायला लागली. "आमचा गोठा झाडणारी भामा मोठी लाजाळू. बोलताना पदर कायम तोंडाला. आईने वरून टाकलेली शिळी भाकरी ती इतक्या आनंदाने ओच्यात घ्यायची, की आम्हा मुलांना तिचा हेवा वाटे. ते समाधान आता कुठे शोधायचं?"

"अगदी चित्रच उभं राहतं," शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या.

रेणुकाने पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. बसमध्ये तिने स्वतःला बजावलं होतं, आवाज चढवायचा नाही.

"भामा माझी आजी. माझ्या आईची आई. तुम्ही स्वतःला नेहमी नुसतं परभणीकडचे म्हणायचात. गाव एकच आहे, हे मला पुस्तक वाचून कळलं. हे प्रकरण मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, ती लाजत नव्हती. तुमच्या घरच्या पाण्याच्या रांजणाला तिचा हात लागला, म्हणून तुमच्या वडिलांनी तांब्या फेकून मारला. पुढचे तीन दात पडले. पदर त्यासाठी होता."

 मग कुसुमताईच म्हणाल्या, "जाऊ द्या ना, रेणुकाताई. तो जमानाच तसा होता. पुस्तक म्हणून कसं वाटलं, तेवढं बोला."

"पुस्तकाबद्दलच बोलतेय मी."

ती एकनाथरावांकडे बघत राहिली. मला माहीत नव्हतं, एवढं त्यांनी म्हणावं, असं तिला वाटत होतं. पोरवयात कुठलं कळतंय, असं म्हणून ती विषय संपवणार होती. दहा वर्षं या माणसाने तिला पुस्तकं दिली होती, तिची मतं कान देऊन ऐकली होती.

एकनाथरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला.

"पितळेचा होता तो तांब्या," ते हळू म्हणाले. "मी ओसरीवरच होतो. आठ वर्षांचा असेन."

रेणुकाने मांडीवरचं पुस्तक उचलून मिटलं.

"लिहायला बसलात तेव्हा आठ वर्षांचे नव्हतात," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. चष्म्याच्या काड्या उघडल्या, मिटल्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवून अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले, "तुमचं म्हणणं रास्त आहे. माझी चूक झाली. पुढच्या आवृत्तीत नाव बदलून टाकतो. उगीच कुणाला ओळख पटायला नको."

"हे उत्तम झालं," कुसुमताई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी श्वास सोडला. चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली. कुणीतरी मुखपृष्ठाची तारीफ सुरू केली. एकनाथरावांनी स्वतः उठून एक कप रेणुकापुढे ठेवला. साय धरेपर्यंत तो तसाच राहिला.

ती घरी आली तेव्हा तिची आई केसरबाई टीव्हीसमोर बसली होती. आवाज बंद होता. नुसती माणसं हलताना बघायला तिला आवडायचं.

"बोललीस का?"

"बोलले."

"मंग? काय म्हनला त्यो?"

"त्यांना ठाऊक होतं, आई. समोरच होते ते." रेणुकाने पिशवी खुंटीला अडकवली. "पुढच्या वेळी छापताना आजीचं नाव बदलतो म्हणाले."

केसरबाई पडद्याकडे बघत राहिली.

"नाव कशाला बदलतोय?" ती म्हणाली. "त्यात तेवढंच तर खरं हुतं."