झाडांची डॉक्टर

"झाडाला कसला आलाय डॉक्टर?" असं म्हणून हेमराज भर गल्लीत हसला होता, ते भाईदासच्या जिव्हारी लागलं होतं. कृषी कॉलेजात शिकून झाडांचे रोग ओळखणारी लिंबायतच्या त्या गल्लीतली पहिलीच पोर म्हणजे त्याची हेतल, आणि तिची अशी थट्टा! म्हणून ओट्यावरच्या अझेलियाची पानं पिवळी पडली, तसं त्यानं हेमराजसकट सगळ्या शेजाऱ्यांना गोळा केलं आणि नोकरीच्या गावी असलेल्या लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"पप्पा, पान जरा कॅमेऱ्याजवळ धरा. शिरा तर हिरव्याच आहेत. आधी नवी पानं पिवळी पडली ना?"

"हो, शेंड्याची."

"मग ही कीड नाही. मुळांना लोह घेता येत नाहीये. कुंडीत बोअरचं पाणी घालता का? खारं असतं ते, अझेलियाला सोसत नाही."

मग हेमराजच घसा खाकरून म्हणाला, "हेतलबेटा, आमच्या लिंबाची पानं आकसतात गं. जरा बघतेस?"

भाईदासची छाती फुगली.

सगळे पांगल्यावर मालतीबाईंनी नवऱ्याला गाठलं. "नर्सरीवाल्यानं झाड देतानाच बजावलं होतं, बोअरचं पाणी घालू नका म्हणून. घरात नळाचं पाणी असताना तुम्ही महिनाभर बोअरवरून बादल्या का आणत होता?"

भाईदास मिशीतल्या मिशीत हसला. "पण पोरीनं बरोबर ओळखलं की नाही?"